तीन भाऊ, आईची खाट आणि मराठी सबटायटल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. तुम्ही पुण्यात फ्रेंच शिकलात, बी-२ची परीक्षा पास झालात. आता तुमच्या चित्रपट-मंडळात 'ले त्र्वा प्ती कोशों' हा क्वेबेकचा, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताचा, २००७ सालचा विनोदी चित्रपट मराठी सबटायटलसह दाखवायचा घाट घातलाय. आई कोमात आहे, तिच्या खाटेशेजारी तीन मुलगे बसलेत, आणि बोलणं चाललंय ते लग्न, बायका आणि बाहेरच्या भानगडींचं. तुमची तक्रार अशी, की अर्धं बोलणं कानाला कळत नाही, आणि कळतं ते मराठीत उतरवलं की एक तर प्रवचन होतं नाही तर किळसवाणं होतं. हसू कुठेच फुटत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, 'शिव्यांचं काय करू?'

मी अठरा वर्षं फ्रेंचमधून सबटायटल करते आहे, त्यातली सहा वर्षं मॉन्ट्रियलमध्ये राहून. माझ्या मते तुमचं अडलंय ते शिव्यांपाशी नाही. हे तिघे मराठीत एकमेकांचे कोण लागतात आणि कोणत्या तोंडाने बोलतात, हेच अजून ठरलेलं नाही. तुम्ही एकेक वाक्य उचलून त्याचं मराठी करताय, त्यामुळे पहिल्या प्रसंगात भाऊ वकिलासारखे बोलतात आणि दुसऱ्यात टपोरीसारखे. आधी नाती ठरवा. बाकीचं बरंच त्यातून सुटेल.

चित्रपटाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. पात्रिक ह्युआर हा क्वेबेकचा लोकप्रिय विनोदी नट, आणि दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच चित्रपट. पटकथा क्लोद लालोंद आणि पिएर लामोत यांची. कॅनडात या चित्रपटाने ४० लाख डॉलरांच्या वर धंदा केला आणि त्या वर्षी सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्या कॅनेडियन चित्रपटाचा पुरस्कार मिळवला. २०१६ साली त्याचा दुसरा भागही आला. हे सांगते अशासाठी, की हा चित्रपट घरच्या प्रेक्षकांसाठी केलेला आहे. महोत्सवातल्या परदेशी पाहुण्यांना कळावं म्हणून इथे कोणी भाषा पुसून-पासून घेतलेली नाही. त्यामुळे पुण्यात शिकलेलं पॅरिसचं फ्रेंच इथे अपुरं पडतं, यात तुमची चूक नाही. क्वेबेकचे काही चित्रपट फ्रान्समध्येसुद्धा फ्रेंच सबटायटल लावून दाखवावे लागतात.

आधी कानाचं बघू. क्वेबेकचा माणूस 'इ' आणि 'यु'सारख्या स्वरांआधी येणारा 'त' आणि 'द' घासून बोलतो. 'त्यु', म्हणजे 'तू', तिथे 'त्स्यु'सारखा ऐकू येतो. 'दीस', म्हणजे दहा, 'द्झीस' होतो. 'प्ती'चा 'प्त्सी' होतो. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, कारण 'चांगला'मधला च आणि 'जाड'मधला ज आपण रोज उच्चारतो. कान त्या च-ज वर लावा, आठवडाभरात फरक पडेल. दुसरा चकवा 'त्यु'चाच. क्वेबेकमध्ये तो प्रश्नाचा प्रत्यय म्हणूनही लागतो. 'से-त्यु व्रे?' म्हणजे 'खरं का?' त्यात 'तू' कुठेच नाही. आपल्या वाक्याच्या शेवटी 'का' येतो तसाच तो. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात दोन ठिकाणी हा 'तू' समजून भाषांतर झालंय, आणि तिथेच एक भाऊ दुसऱ्यावर उगाच आरोप करतोय असं वाटतं.

आता असे शब्द, जे चुकले तर कथानकच चुकतं. क्वेबेकमध्ये 'देजने' म्हणजे सकाळची न्याहारी, 'दिने' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'सुपे' म्हणजे रात्रीचं. पॅरिसमध्ये 'देजने' दुपारचं आणि 'दिने' रात्रीचं. व्यभिचाराच्या विनोदी चित्रपटात सगळा डोलारा 'तू त्या वेळी कुठे होतास' यावर उभा असतो! माझ्या पहिल्याच क्वेबेकी लघुपटात मी 'दिने'चं 'रात्रीचं जेवण' केलं. नवऱ्याची थाप दुपारची होती, ती रात्रीची झाली, आणि पुढच्या दृश्यात बायको ती थाप पकडते तेव्हा प्रेक्षकांना तिने काय पकडलं तेच कळेना. सभागृहात मागच्या रांगेत बसून मी ती शांतता ऐकली. तेव्हापासून घड्याळाशी जोडलेला प्रत्येक शब्द मी वेगळ्या कागदावर उतरवून घेते.

तसाच 'ब्लोंद'. 'मा ब्लोंद' म्हणजे माझी सोनेरी केसांची बाई असं मुळीच नाही. क्वेबेकमध्ये ती प्रेयसी असते, किंवा वीस वर्षं एकत्र राहणारी, दोन मुलांची आईसुद्धा असते. पुरुषाला 'चॉम' म्हणतात. क्वेबेकमध्ये लग्न न करता संसार करणारी जोडपी कॅनडाच्या इतर प्रांतांपेक्षा बरीच जास्त आहेत. शिवाय १९८१पासून तिथल्या कायद्यानुसार लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. म्हणून आडनाव वेगळं दिसलं की 'ही बायको नसणार' असा निष्कर्ष आपला प्रेक्षक काढेल, तो चुकीचा ठरू शकतो. 'गर्लफ्रेंड' लिहायचं की 'बायको' हे शब्दकोश सांगणार नाही. घरात कोणाच्या वस्तू आहेत, मुलांना शाळेत कोण सोडतंय, ते पडद्यावर बघून ठरवा. आणि 'गॉस' हा शब्द आला तर थांबा. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ पोरं, क्वेबेकमध्ये पुरुषाची अंडं. भावाभावांच्या गप्पांत गल्लत व्हायला तेवढं पुरे.

प्रवचनाचा वास येतो तो मुख्यतः एका शब्दामुळे. तुम्ही 'त्रोंपे' या क्रियापदाला कुठे 'व्यभिचार करणे' लिहिलंय, कुठे 'प्रतारणा'. 'व्यभिचार' हा कोर्टाचा आणि पोथीचा शब्द आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेचं ४९७ कलम रद्द केलं तेव्हा तो आठवडाभर बातम्यांत होता, एरवी घटस्फोटाच्या अर्जात असतो. 'विवाहबाह्य संबंध' वर्तमानपत्राचा, 'अनैतिक संबंध' पोलीस-बातमीचा. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'तुझं काही चालू आहे का?' रागावला की, 'कुठे शेण खाल्लंस?' बायको म्हणते, 'तू मला फसवलंस.' शेजारीण म्हणते, 'त्याची काहीतरी भानगड आहे.' मित्र 'लफडं' म्हणतात, आणि ज्याचं असतं तो स्वतः 'अफेअर' म्हणतो, कारण त्याला ते जरा बरं वाटतं. फ्रेंचमध्येही 'आले व्वार आयर' असा शब्दप्रयोग आहे, शब्दशः 'दुसरीकडे जाऊन बघणं'. त्याला आपल्याकडे 'बाहेर तोंड मारणं' तयारच आहे.

म्हणून एक तक्ता करा. डावीकडे पात्राचं नाव, उजवीकडे ते पात्र या गोष्टीला काय म्हणतं तो एकच शब्द. एकाने 'लफडं' धरला तर तो शेवटपर्यंत त्याचाच. मग एखाद्या प्रसंगात तोच माणूस पहिल्यांदा 'फसवलं' म्हणाला, की प्रेक्षकाला काहीतरी बदललं हे आपसूक कळतं. ज्या प्रसंगांत भाऊ बढाया मारता मारता खरं बोलून बसतात, तिथे याचा फार उपयोग होतो.

नात्यांच्या शब्दांत आपली भाषा फ्रेंचपेक्षा कितीतरी बारीक आहे आणि तिथेच ती अडचण करते. फ्रेंच 'बो-फ्रेर' म्हणजे दीर, मेहुणा, साडू, नणंदेचा नवरा, यातला कोणीही. 'बेल-सर' म्हणजे वहिनी, भावजय, नणंद, मेहुणी, जाऊ. मराठीत तुम्हाला निवडावंच लागतं, आणि प्रत्येक निवडीबरोबर एक अख्खं घर येतं. धाकटा भाऊ मोठ्याच्या बायकोला फ्रेंचमध्ये नावाने हाक मारतो, गालाला गाल लावतो, थोडी थट्टा करतो. खाली 'वहिनी' असं लिहिलंत की ती थट्टा आपल्या प्रेक्षकाला झोंबते, कारण वहिनी हा शब्द आपल्याकडे आईच्या जवळ बसतो. अशा ठिकाणी मी नाव ठेवते, आणि तिघे भाऊ तिच्यामागे बोलतात तेव्हा सरळ 'तुझी बायको'. 'वहिनी' मी एखाद्या अशा जागेसाठी राखून ठेवते जिथे तो आदर खरंच हवाय.

'दादा'चं काय, हे मात्र परिस्थितीवर आहे. तिघांतला मोठा रेमी. डबिंग करत असता तर मी बिनदिक्कत 'दादा' वापरलं असतं. सबटायटलमध्ये प्रेक्षकाच्या कानावर 'रेमी' पडतं आणि डोळ्यांना 'दादा' दिसतो, क्षणभर तो गोंधळतो, आणि विनोदात तो क्षण गेला की गेला. तेव्हा नावच ठेवा. मोठेपणा क्रियापदांत दाखवा: मोठा 'बस', 'ऐक', 'पुरे' असं तोडून बोलतो, धाकटा 'ऐक ना', 'बघ ना' करत येतो. बायकांच्या तोंडी 'अहो' मात्र घालू नका. क्वेबेकमध्ये 'तू' फ्रान्सपेक्षाही सढळ चालतो, हे नवरा-बायको बरोबरीचे आहेत. 'अहो' आला की ती बिचारी होते, तो खलनायक होतो, आणि विनोदी चित्रपटाचं कौटुंबिक रडगाणं होतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. फसवणुकीच्या गोष्टीत 'कोण' हे लपवावं लागतं, आणि फ्रेंच बोलण्यात ते सहज लपतं. 'मोनामी' म्हणजे माझा मित्र आणि माझी मैत्रीण, दोन्ही कानाला अगदी एकच. 'केल्कँ', म्हणजे कोणीतरी, यातून बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत क्रियापदच चुगली करतं: 'भेटला' की 'भेटली'? हिंदीत सबटायटल करणारे माझे मित्र इथे हात टेकतात. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे! 'ऑफिसमधलं कोणीतरी आलं होतं.' 'ओळखीचं एक माणूस भेटलं.' अगदी घरगुती मराठी, आणि काही कळू देत नाही. थाप मारणारा नवरा मराठीत खरंच असं बोलतो, म्हणून ते ऐकताना प्रेक्षकाला गंमतही वाटते. ही सोय आपल्या भाषेने फुकट दिली आहे, वापरा.

शिव्यांकडे आता येते. क्वेबेकच्या शिव्या चर्चमधून आल्या आहेत: 'ताबार्नाक', 'कालिस', 'ओस्ती', 'सिब्वार'. वेदीवरची पवित्र पेटी, प्याला, प्रसादाची भाकर, ती ठेवायचं भांडं. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांना या वस्तू ओळखीच्या असतील. क्वेबेकमध्ये शाळा, दवाखाने आणि संसार यांवर चर्चची घट्ट पकड होती, ती १९६० नंतरच्या दशकात सुटत गेली. १९६८पर्यंत तिथल्या जोडप्याला घटस्फोट हवा असेल तर थेट कॅनडाच्या संसदेकडे जावं लागे. ज्याने गळा दाबला त्याच्याच वस्तूंची नावं लोकांनी शिव्या म्हणून घेतली. त्यामुळे लग्न आणि बाहेरख्यालीपणावरच्या चित्रपटात हे शब्द नुसता राग दाखवत नाहीत, त्यांच्यामागे आजी-आजोबांच्या पिढीचा हिशेब आहे. तो मराठीत आणता येत नाही. मी अनेकदा प्रयत्न केलाय, 'देव्हारा', 'समई' वगैरे घालून. हास्यास्पद दिसतं.

जे करता येतं ते असं. मराठी शिव्या बहुतेक आईवरून आणि बहिणीवरून आहेत. 'च्यायला', 'आयला' या आपण सौम्य मानतो, पण त्यांतही आईच आहे. आणि इथे आई खाटेवर निपचित पडली आहे, नळ्या लावलेल्या. तिच्या उशाशी बसून मुलगा 'च्यायला' म्हणाला, की मूळ प्रसंगात जे नाही ते त्यात शिरतं. 'साला' घ्यावा तर तो बायकोचा भाऊ, आणि बोलणं बायकांचंच चाललेलं. म्हणून रुग्णालयाच्या प्रसंगांत मी आई-बहिणीची एकही शिवी घेत नाही. 'झक मारली', 'गेलो कामातून', 'काय मूर्ख आहेस रे', 'डोकं फिरलंय का', एवढ्यावर भागवते. रुग्णालयाबाहेर, गाडीत किंवा स्वयंपाकघरात, 'च्यायला' मोकळेपणाने येऊ द्या. फ्रेंचमध्ये एका वाक्यात तीन शिव्या असतील तर मराठीत एक पुरते, कारण लिहिलेली शिवी ऐकलेल्या शिवीपेक्षा जड वाटते.

तुम्ही विचारलंय की जुआल, म्हणजे क्वेबेकची कष्टकरी वस्तीतली बोली, वऱ्हाडीत उतरवू का. मोह मला कळतो. मिशेल त्रांब्लेने १९६८ साली आपल्या नाटकातून ती बोली माँट्रियलच्या रंगमंचावर आणली तेव्हा केवढं वादळ झालं होतं, आणि बोलीची ताकद आपल्याही रंगभूमीने पाहिली आहे. तरी सबटायटलमध्ये नको. प्रेक्षकाला पडद्यावर बर्फ दिसतं आणि खाली अमरावती ऐकू येते, आणि तो भावांकडे न बघता बोलीकडे बघत बसतो. शिवाय वऱ्हाडी म्हणजे विनोदी, असा एक अन्यायही आपण नकळत करतो. पुण्या-नाशकाकडे तीन भाऊ घरात जसं तोडकं, अर्धवट, एकमेकांचं वाक्य खाऊन बोलतात तसं लिहा. 'जाऊ दे', 'सोड ना', 'तू नको शिकवूस'. बोलीचा सैलपणा त्यात येतो.

शीर्षकाबद्दल माझं ठाम मत आहे. 'कोशों' म्हणजे डुक्कर, आणि चावट, वाह्यात माणूससुद्धा. वर तीन डुकरांची, विटांच्या घराची ती बालकथा आहेच. मराठीत डुक्कर म्हणजे घाण, चावटपणा त्यात नाही. 'तीन डुकरं' असं लिहिलंत की पहिल्या फ्रेमपासून तुम्ही तिघांना शिवी देऊन मोकळे. मूळ नाव देवनागरीत तसंच ठेवा आणि मंडळाच्या पत्रकात दोन ओळींत अर्थ सांगा.

आता ओळींची रचना. मी एका वेळी दोनच ओळी ठेवते, एका ओळीत जास्तीत जास्त ४० अक्षरांच्या आसपास. सॉफ्टवेअरच्या मोजणीवर विसंबू नका. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर आहे, सॉफ्टवेअर ते सहा मोजतं. मोठ्याने वाचून वेळ लावा. तिघे एकदम बोलत असतील तर तिघांचंही लिहायचा हट्ट सोडा. ज्याच्या बोलण्यामुळे पुढची गोष्ट घडते त्याचं लिहा, बाकीच्या दोघांचा आवाज आणि चेहरे आपलं काम करतात.

विनोदाची गाठ मात्र शेवटच्या शब्दात असते, आणि मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. चित्रपटातलं नाही, माझं एक बनावट वाक्य घेते. भाऊ म्हणतो, 'मी कुणालाही सांगितलं नाही... सोडून तुझ्या बायकोला.' फ्रेंचमध्ये 'बायको' अगदी शेवटी येते. व्याकरणशुद्ध मराठी करून 'तुझ्या बायकोशिवाय मी कुणालाही सांगितलेलं नाही' असं लिहिलंत तर नट तोंड उघडायच्या आत प्रेक्षक हसून मोकळा होतो, किंवा हसतच नाही. दोन सबटायटल करा. पहिलं: 'मी कुणालाही सांगितलं नाही.' मग नट थांबतो तिथे पडदा रिकामा. मग दुसरं: 'फक्त तुझ्या बायकोला.' मराठी बोलताना आपण असंच बोलतो, फक्त लिहायला बसलो की व्याकरण आठवतं.

काही गोष्टी तुमच्या प्रेक्षकांवर आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. मंडळात साठीच्या पुढचे बरेच असतील तर वाचायला वेळ जास्त द्या आणि ओळी आणखी छाटा. सगळे पंचविशीतले असतील तर 'अफेअर', 'ब्रेकअप', 'चॅट' असे शब्द तसेच राहू देत, त्यांचं शुद्ध मराठी करू नका. इंग्रजी सबटायटलवरून भाषांतर करायचा मोह होईल, तो टाळा. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, शिव्या आधीच बदललेल्या, आणि कोणी तरी केलेली छाटणी तुम्हाला मूळ वाटेल. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून फ्रेंच संवादांची यादी मागा. जाहीर खेळासाठी परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल, तेव्हा त्याच पत्रात यादीही मागता येईल.

सुरुवात चित्रपटाच्या आरंभापासून करू नका. आईच्या खाटेजवळचा एक प्रसंग घ्या, तिघेही ज्यात बोलतात असा, आणि तेवढाच पूर्ण करा. मग ज्यांना खरोखर भाऊ आहेत अशा तीन जणांना तो चित्राशिवाय, आवाजाशिवाय मोठ्याने वाचायला द्या. ज्या ओळीवर त्यांची जीभ अडखळते ती ओळ परत लिहा. तो प्रसंग झाला की इथेच टाका, तक्त्यासकट. मी ओळ न् ओळ वाचून कळवेन.